छान बाहुली कोणती?

विषय कचेरीतल्या वर्णभेदाचा आहे, पण मी बोलणार आहे चार वर्षांच्या पोरांबद्दल. कारण कचेरीतला साहेब तिथेच घडतो.

१९४०च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. साचा एकच, काही गोऱ्या, काही तपकिरी. ‘छान बाहुली कोणती?’ अर्ध्याहून जास्त मुलांनी गोरी दाखवली. मग विचारलं, ‘तुझ्यासारखी कोणती?’ तेव्हा काही लेकरं रडायला लागली, काही खोलीबाहेर पळाली. १९५४ साली शाळांमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाचा दाखला घेतला.

दुधाला विरजण लागावं तसा हा भेद मनात मुरतो. चमचाभर पुरतं, आवाज होत नाही, सकाळी दही घट्ट. आणि विरजण घरातलंच असतं. “उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.” बारशाला पाळण्यात डोकावून, “रंग कुणाचा घेतलाय?” अहो, पोरं ऐकत असतात!

आता कचेरी. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन-शिकागोत नोकरीसाठी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. निष्कर्ष २००४मध्ये छापले. पात्रता सारखी, नावं तेवढी वेगळी. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना दहा अर्जांमागे एक बोलावणं. लकीशा, जमाल अशा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना पंधरामागे एक. चेहरासुद्धा दिसत नव्हता हो! अर्ज बाजूला सारणाऱ्याला विचारा, तो मनापासून म्हणेल, ‘मी भेदभाव करत नाही.’ विरजण कधी लागलं, ते त्याला आठवतच नाही.

आपल्याकडे स्वागतकक्षात ‘प्रेझेंटेबल’ मुलगी हवी म्हणतात, म्हणजे काय हवं असतं ते सगळ्यांना कळतं. पुण्या-मुंबईत ईशान्येकडच्या सहकाऱ्याला डोळ्यांवरून चिडवतात. मग तिशीतल्या माणसांसाठी भेदभावाविरुद्ध कार्यशाळा होते. व्हावी, जरूर व्हावी. पण पुन्हा सांगते, चौथ्या वर्षाकडे बघा. दही घुसळून त्याचं दूध होत नाही. ताक होईल, आणि तेही काही कमी नाही, पण...

वेळ संपल्याची खूण झाली. बालवाडीतल्या तक्त्यांबद्दल बोलायचं राहिलंच. आई गुलाबी, बाबा गुलाबी, बाळ गुलाबी. बालवाडीच्या ताईंनो, उद्या भिंतीकडे एकदा बघा आणि मला कळवा.