रक्तातील साखरेचा जमाखर्च

मधुमेह हा काही आजकालचा रोग नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. दोघांची चिकित्साही तेथे भिन्न सांगितली आहे. रोगाचे नाव एक असले तरी रोगी एक नसतो, हे सूत्र आपल्याकडे इतके जुने आहे. 2004 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याच सूत्राचा एक मार्मिक दाखला दिला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरकरणी सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य या रोगाला लवकर का बळी पडतो, याचे एक कारण त्या दोघांच्या छायाचित्राने जगापुढे ठेवले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या 10.1 कोटी सांगितली. रोगाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी 13.6 कोटी. एवढ्या लोकांपैकी प्रत्येकाचा निराळा विचार करावयाचा तर तेवढे वैद्य आणावयाचे कोठून? आजवरची रीत म्हणजे तीन महिन्यांनी एकदा वैद्याची भेट, एक रक्ततपासणी आणि सर्वांना सारखाच असा आहाराचा छापील कागद. त्या तपासणीत कळते ती तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. परंतु सरासरी ही वर्षअखेरच्या ताळेबंदासारखी असते. पैसा कोणत्या दिवशी कोठे गेला, हे तीवरून उमगत नाही.

रोजकीर्द लिहिण्याचे काम आता एक लहानसे यंत्र करू लागले आहे. नाण्याएवढा सेन्सर दंडाला चिकटवितात. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखालील द्रवातील साखर चौदा दिवस मोजीत राहतो. पाच मिनिटांस एक नोंद धरली तरी दिवसाच्या 288 नोंदी होतात. इतके आकडे वाचण्यास माणसाला ना वेळ, ना चिकाटी. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम सुरू होते. आहार, झोप, चालणे आणि औषध यांच्या नोंदी साखरेच्या चढउताराशी ताडून ती त्या एका व्यक्तीपुरता अंदाज बांधते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2015 साली 800 लोकांच्या साखरेचा आठवडाभर मागोवा घेतला, तेव्हा एकच पदार्थ खाऊन एकाची साखर झपाट्याने चढे, तर दुसऱ्याची जेमतेम हले, असे दिसून आले. प्रत्येकाचा चढ आगाऊ सांगणारे गणितही त्यांनी सिद्ध केले आणि निराळ्या शंभर जणांवर ते पडताळून पाहिले.

आपल्या देशात या उद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणजे बंगळूर. 2012 साली निघालेली ‘हेल्दीफायमी’ आणि 2019 साली निघालेली ‘अल्ट्राह्यूमन’ या दोन्ही संस्था याच शहरातल्या. तेथील जयनगरात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त मराठी गृहस्थाचे घर डोळ्यांपुढे आणावे. सकाळी इडली, दुपारी भाकरी, कधी शेजारधर्माने आलेला नाचणीचा मुद्दा. नाचणी म्हटली की कितीही खावी, अशी त्याची समजूत. सेन्सर मात्र सांगतो, की नाचणीलाही माप हवे. आधी भाजी, वरण व मग भात घेतला आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे शतपावली केली, तर तोच चढ उतरतो. कागदावर शंभरदा वाचलेला उपदेश स्वतःच्या रक्तात खरा झालेला पाहिला, की मनुष्याला तो पटतो. या साधनाचे खरे सामर्थ्य हेच.

परंतु यंत्राला सर्वच कळते, असे नाही. ताटाच्या छायाचित्रावरून आमटीत गूळ किती पडला, हे त्याला दिसत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी साखर एकदम चढविते आणि निरंकार उपवास केला तर इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर धोक्याच्या पातळीखाली घसरू शकते; उपवास आहे हे कोणी सांगितले नाही, तर यंत्राने ते ओळखावे कसे? त्वचेखालील द्रवातील आकडा रक्तातील आकड्याच्या काही मिनिटे मागे असतो. झोपेत दंडावर भार पडला तर तो खोटाच कमी दिसतो. म्हणून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि आकडा मात्र ठीक दिसला, तर बोटाला सुई टोचून खात्री करावी. औषधाची मात्रा वैद्याला विचारल्यावाचून बदलू नये. त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2024 च्या फेब्रुवारीत दिला, तो याच काळजीपोटी.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. पंधरवड्याच्या सेन्सरला काही हजार रुपये पडतात. जयनगरातल्या गृहस्थाला ते झेपतील. पीण्याच्या कारखान्यात पाळीवर शिवणकाम करणाऱ्या बाईला झेपणार नाहीत, आणि तिच्या जेवणाला तर वेळेचाही नेम नसतो. पण मार्ग अगदीच बंद नाहीत. बंगळूरच्याच ‘रेमिडिओ’ या संस्थेने फोनला जोडून डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेणारे साधन बनविले. मधुमेहाने डोळ्यात केलेली हानी ते इंटरनेटवाचून ओळखते. मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत त्याची कसोटी लागली आणि 2019 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2022 पासून बंगळूरच्या वस्त्यांतून ‘नम्म क्लिनिक’ उघडली आहेत. अशा दवाखान्यातील परिचारिकेच्या हाती ही बुद्धी आली, तरच ती लोकांची झाली असे म्हणता येईल.

मनुष्य काय खातो, केव्हा झोपतो, याची वही परक्याच्या हाती जात असते, हेही विसरून चालणार नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली आहे. परंतु संमती देण्यापूर्वी ती कशासाठी मागितली आहे, हे वाचून पाहण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

त्या जयनगरातल्या घरी ताटाशेजारी फोन ठेवलेला असतो. प्रत्येक घासाबरोबर त्यात डोकावून घरच्या माणसांनी पहारा करू लागावे, हा त्याचा उपयोग नव्हे. जेवण झाल्यावर पत्नीने चपला पायात घालाव्या आणि “चला, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,” असे म्हणावे. यंत्राने केलेली सूचनाही तीच असते. पण सोबतीला कोणी असले, तर ती रोज पाळली जाते.