कलावंताचे नाव कोणी लिहावे?
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी, आश्रयदाते, सभासद आणि रसिकहो,

सभेत उभे राहिले की 'बंधुभगिनींनो' म्हणून सुरुवात करण्याचा आपला प्रघात जुना आहे. आज तो मी जाणूनबुजून बाजूला ठेवला. ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांच्यापैकी काहींना त्या जोडशब्दात बसायला जागा नसते. 'रसिक' या शब्दात मात्र सगळे मावतात.

मी अथालहून आलो आहे. सिल्वासाला लागून, दमणगंगेच्या अंगाला वसलेले हे गाव. दादरा-नगर हवेली म्हटले की मराठी माणसाला १९५४ चा मुक्तिसंग्राम आणि त्यात उतरलेले सुधीर फडके आठवतात. परंतु आमच्या मुलखाची ओळख तेवढीच नाही. वारली समाज हवेलीत आहे तसा शेजारच्या तलासरी-डहाणूतही आहे, आणि त्याची चित्रकला आता जगभर पोहोचली आहे. लग्नघरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. वारली माणूस त्याला चौक 'लिहिणे' म्हणतो. हे लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. पुढे जिव्या सोमा मशे यांनी तो चौक विवाहविधीच्या बाहेर आणला, कागदावर आणि कापडावर लिहिला. स्त्रियांच्या हातची कला पुरुषाने उचलली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. तथापि त्यांच्या आधी शेकडो भिंती लिहून गेलेल्या बायांपैकी एकीचे तरी नाव आपल्या कोणत्या ग्रंथालयात नोंदलेले असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कला कोणाची आणि तिच्याखाली नाव कोणाचे, या प्रश्नापासूनच आजचा विषय सुरू होतो.

विषय आहे पारलिंगी कलावंतांचा. आपल्या बोलीत ज्यांना तृतीयपंथी म्हणतात, त्यांचा. मराठी प्रेक्षकाला लिंगभेद ओलांडणारी कला नवी नाही. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरोघरच्या स्त्रियांनी केली, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पण ते कौतुक पडदा पडेपर्यंतचे होते. घरी परतणारे नारायणराव राजहंस पुरुष आहेत, हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्या खात्रीवरच कौतुक उभे होते. गणपत पाटलांचे नशीब इतके चांगले नव्हते. तमाशापटांत त्यांनी नाच्याच्या भूमिका इतक्या जिवंत केल्या की लोकांनी ती भूमिका हेच त्यांचे आयुष्य समजले. संसारी, मुलाबाळांच्या या नटाला त्यापायी टिंगल सोसावी लागली. २००८ साली ते निवर्तले. त्यांच्याबाबत आपण भूमिकेला आयुष्य मानले. पारलिंगी कलावंतांच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. त्यांचे आयुष्य आपल्याला सोंग वाटते. मग सोंगाखालचा 'खरा माणूस' कोण, त्याचे 'मूळ' नाव काय, अशी चौकशी सुरू होते. चौकशी करणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याला ती जिज्ञासा वाटते. ज्याची चौकशी होते त्याला मात्र ती झडती वाटते.

या संदर्भात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे २०१२ साली आलेले पुस्तक महत्त्वाचे आहे. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी या भरतनाट्यम शिकलेल्या नृत्यांगना. पुस्तक आले तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस-चौतीस होते. आत्मचरित्र म्हणजे उतारवयातील सिंहावलोकन, ही आपली समजूत. इथे मात्र आयुष्य ऐन भरात असताना ते लिहिले गेले, कारण वाट पाहणे परवडणारे नव्हते. आपण बोललो नाही तर आपल्याविषयी दुसरेच बोलणार, हे उघड होते. ज्या शब्दाने रस्त्यात हिणवले जाते, तोच शब्द लेखिकेने मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाच्या आधी ठेवला. तो तिथे कोणा दुसऱ्याने ठेवला असता, तर मी त्याला शिवीच म्हटले असते. शब्द एकच, तो उच्चारणारे तोंड बदलले की त्याचे मोल बदलते.

या पुस्तकाचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. शब्दांकन हा प्रकार आपण फार सहज घेतो. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, यात विश्वास लागतो, तसा अधिकाराचा हिशेबही असतो. सांगणाऱ्याचे कोणते वाक्य राहील, कोणते गळेल, दुःखाचा कोणता प्रसंग आकर्षक म्हणून पुढे येईल, हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. म्हणून शब्दांकनकाराचे नाव पुस्तकावर स्वच्छ छापले जाणे, हीच मला सचोटीची पहिली पायरी वाटते. आपल्याकडे पडद्याआड राहून लिहून दिलेली 'आत्मचरित्रे' किती असतील, याची गणती न केलेली बरी!

तामिळनाडूच्या ए. रेवती यांचा मार्ग आणखी वेगळा आहे. त्यांनी आधी आपल्यासारख्या इतरांच्या हकिकती गोळा करून तमिळमध्ये पुस्तक केले. स्वतःची कहाणी त्यानंतर. ती २०१० साली प्रथम इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाली. ज्या भाषेत ती जगली गेली, त्या तमिळमध्ये तिचे पुस्तक नंतर आले. या उलट्या क्रमावर थांबून विचार करावा असे मला वाटते. दूरच्या वाचकाला जे सोसते, ते घरच्या वाचकाला सोसायला वेळ लागतो.

सीमाभागातील मराठी मंडळींना रेणुका-यल्लम्मेचे जोगते, चौंडके आणि डोक्यावरचा जग परिचयाचा आहे. त्या परंपरेतील मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या पारलिंगी स्त्री. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भिक्षेच्या झोळीबरोबर फिरणारी कला अकादमीच्या खुर्चीपर्यंत गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

याच जोगत्यांच्या जगावर आपला 'जोगवा' हा चित्रपट २००९ साली आला आणि त्यातील अभिनयासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लिव्हिंग स्माईल विद्या यांच्या आत्मकथनावरील कन्नड चित्रपटात प्रमुख भूमिका संचारी विजय यांनी केली; त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. 'नटरंग'चे दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०२३ मध्ये गौरी सावंत यांच्या जीवनावर 'ताली' ही मालिका केली. तीत गौरीताई झाल्या सुष्मिता सेन. या तिन्ही कामांचा मला आदर आहे. नटाने स्वतःपलीकडचे माणूस उभे करायचे नाही, असा नियम केला तर रंगभूमीच बंद करावी लागेल. पण एक विषमता नजरेआड करता येत नाही. इतरांना पारलिंगी व्यक्तीची भूमिका मिळते, मान मिळतो. पारलिंगी नटीला मात्र आई, डॉक्टर, शिक्षिका अशी साधी भूमिका क्वचितच विचारली जाते, आणि स्वतःचीच कहाणी साकारण्याची संधीही दुसऱ्याला जाते. दुसऱ्याचे आयुष्य रंगवायला हरकत नाही, मात्र त्याला विचारावे, त्याच्याकडून शिकावे, मोबदल्यात आणि श्रेयात वाटा द्यावा. विचारल्यावर नकार आला, तर तो नकार मानावा. वारली चित्रे कापडावर छापून विकणाऱ्यांनाही माझे सांगणे हेच असते.

आता आपल्या घरच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या प्रश्नाकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतरच्या कायद्यांची वळणे हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. ग्रंथपालाला एवढेच ठरवायचे असते की लेखकाच्या नोंदीत कोणते नाव लिहायचे. नावे बदलण्याची आपल्या तालिकेला सवय आहे. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची नावे आपण विनातक्रार सांभाळली. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'आरती प्रभू' हे स्त्रीचे नाव घेऊन कविता लिहिली, आणि कोणत्याही ग्रंथपालाने त्यांना कवीच्या कपाटातून बाहेर काढले नाही. मग पारलिंगी लेखिकेच्या बाबतीतच जुन्या नावाचा आग्रह का?

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाही. आधीचे लेखन जुन्या नावाने प्रसिद्ध झाले असेल, तर वाचकाला ते सापडणार कसे? अशा वेळी जोडनोंद लागते, हे मान्य. परंतु खानोलकरांचे नाव उघड केल्याने त्यांचे काही बिघडत नव्हते. इथे जुने नाव म्हणजे मागे टाकलेले घर, काहींच्या बाबतीत तर मारहाणीची आठवण. म्हणून हयात लेखकाला एक पत्र लिहून विचारावे. आणि जुन्या नावाने काही प्रसिद्धच झालेले नसेल, तर ते नाव नोंदवण्याचे कारणच उरत नाही. अमेरिकेतील सहकारी तालिकीकरणाच्या कार्यक्रमाने नेमलेल्या गटाने २०१६ साली या प्रश्नावर अहवाल दिला. २०२२ च्या सुधारित अहवालात व्यक्तीच्या नोंदीत लिंग लिहूच नये, अशी शिफारस झाली. आपल्याकडील छापील नोंदपत्रांवर असा रकाना कोठे असेल, तर तो कोरा ठेवायला ठराव लागत नाही.

दुसरा प्रश्न कपाटाचा. दिशा पिंकी शेख या मराठीतील कवयित्री; त्यांच्या संग्रहाचे नाव 'कुरूप'. २०१९ मध्ये एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या म्हणून त्यांचे नाव वृत्तपत्रांत आले, आणि अनेकांना त्या तेवढ्यापुरत्याच माहीत झाल्या. ड्युईच्या दशांश पद्धतीत पारलिंगी व्यक्तींविषयीच्या समाजशास्त्रीय ग्रंथांना ३०६.७६८ हा अंक आहे, आणि मराठी कवितेला ८९१.४६१. संग्रह पहिल्या अंकाखाली गेला, तर तो प्रबंधकाराच्या हाती पडेल. संध्याकाळी कविता शोधत आलेल्या सभासदाला तो दिसणारच नाही. शिवाय अशा कवयित्रीने प्रत्येक ओळीत आपल्या देहाचीच साक्ष द्यावी, ही अपेक्षाही त्या अंकाबरोबर चिकटते. तिला पाऊस आवडू शकतो, वात्रटिका सुचू शकते, एखाद्या दिवशी काहीच न सांगण्याची लहर येऊ शकते. इतर कवींना ती मुभा आपण न मागता देतो.

तेव्हा आपल्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे. 'कुरूप'ची प्रत संग्रही नसेल तर मागवावी, तिच्या पुठ्ठ्यावर ८९१.४६१ लिहावे, आणि लेखकाच्या रकान्यात मुखपृष्ठावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने.