पाचटाचा कोळसा



आपण सगळे उसाची माणसं. तेव्हा आज उसाच्या कचऱ्याविषयी बोलू.

ऊस कारखान्यात जातो. रस निघाला की चिपाडं उरतात. १०० किलो उसामागं सुमारे ३० किलो ओली चिपाडं. ती बॉयलरखाली जाळतात. पाण्याची वाफ होते, वाफेवर जनित्र फिरतं, वीज निघते. कारखाना त्या विजेवर चालतो. बरेच कारखाने उरलेली वीज विकतातही. मळीचा मद्यार्क करतात, तो पेट्रोलात मिसळतात. म्हणजे कारखान्यात गेलेलं वाया जात नाही. वाया जातं ते आपल्या रानात.

वाढे गुरं खातात. पाचट मात्र गुरं तोंडात धरत नाहीत. एकरी ३ ते ४ टन पाचट पडतं. मग आपण काय करतो? काडी लावतो. आम्हीही लावत होतो. शाळेत मुलांना विस्तवाशी खेळू नका म्हणून सांगायचं आणि रविवारी स्वतः रान पेटवायचं! एका वर्षी वारा फिरला. आग बांध ओलांडून गेली आणि शेजारच्या आक्कांची कडब्याची गंज पेटली. दोन म्हशींची उन्हाळ्याची वैरण घटकाभरात गेली. कडबा आम्ही विकत आणून दिला. आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खोडवा ठेवायचा असेल, तर पाचट रानातच राहू द्या. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत टाका. जमिनीला तेच खत होतं, ओलही टिकते.

पण खोडवा मोडायचा असेल तर? त्यावर पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं वाट काढली. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांची ही संस्था. या कामाला २००२ साली इंग्लंडमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. रीत अशी. वाळलेलं पाचट लोखंडी पिंपांत ठासून भरायचं आणि झाकण लावायचं. पिंपं विटांच्या भट्टीत ठेवून खालून थोडं पाचट पेटवायचं. पिंपात हवा नाही, म्हणून आतलं पाचट जळत नाही, नुसतं तापतं. त्यातून वायू सुटतो. तो बाहेर येऊन पेटतो आणि भट्टीला तोच जळण पुरवतो. आमच्या मते खरी गंमत इथंच आहे! शेवटी पिंपात कोळशाचा चुरा राहतो. चुऱ्यात पिठाची खळ कालवायची, यंत्रातून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. कांड्या शेगडीत जळतात, धूर फारसा होत नाही.

पिंपं निवल्याशिवाय उघडू नका. तापलेल्या कोळशाला हवा लागली की तो भडकतो.

आणखी एक. कोळशाची शेगडी दार-खिडकी लावून घरात ठेवू नका. त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.