इंजिनाचा भरवसा

बऱ्हाणपूर, शाहपूर, इच्छापूर ह्या पट्ट्यातील शेतकरी पंपासाठी इंजिन घ्यावयास निघाला, की दुकानात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती हॉर्सपॉवरचे आहे ?" दुसरा प्रश्न किमतीचा आणि तिसरा तासाला किती डिझेल लागते याचा. हे तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु ज्या गोष्टीवर त्याची केळीची बाग उभी राहावयाची किंवा माना टाकावयाची, ती गोष्ट या तीन प्रश्नांत येतच नाही. ती म्हणजे इंजिनाचा भरवसा. मे महिन्यात तापीकाठची हवा भट्टीसारखी तापते. केळीचे मोठाले पान सारा दिवस पाणी उडवीत असते आणि मुळे तर जमिनीत वरवरच पसरलेली. अशा वेळी वीज गेली आणि तिची जागा घ्यावयास ठेवलेले इंजिनही चार-आठ दिवस मिस्त्रीच्या अंगणात सुटे होऊन पडले, तर वर्षाची मेहनत आणि डोक्यावरचे कर्ज यांचा निकाल त्या आठवड्यातच लागतो. इंजिन पाच अश्वशक्तीचे होते की आठ, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

शक्ती आणि भरवसा हे दोन गुण सामान्यतः एकच मानले जातात. जे दमदार ते टिकाऊ, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हे दोन्ही गुण पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढीत असतात. दोन इंजिने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हे सहज ध्यानात येते.

पहिले इंजिन आपल्या ओळखीचे आहे. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९३० च्या सुमारास एक संथ गतीचे, एका सिलिंडरचे डिझेल इंजिन काढले. त्याच घाटाची इंजिने पुढे राजकोटच्या कारखान्यांतून निघाली आणि देशभर विहिरींवर धुकधुकू लागली. त्याच्या सहा अश्वशक्तीच्या प्रकारात सिलिंडरची पोकळी सुमारे १,४३३ घनसेंटिमीटर असते. गती मिनिटाला अवघे ६५० फेरे. वजन जड फ्लायव्हीलांसह तीनशे किलोहून अधिक. दुसरे इंजिन आपल्याकडे क्वचितच दिसते. कॅनडा-अमेरिकेतील बर्फाच्छादित पर्वत चढण्यासाठी ज्या स्नोमोबाइल नावाच्या गाड्या वापरतात, त्यांतील हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याची पोकळी सुमारे ८५० घनसेंटिमीटर, म्हणजे लिस्टरहून पुष्कळच कमी. परंतु ते सुमारे १६५ अश्वशक्ती देते आणि त्यासाठी मिनिटाला सुमारे ८,००० फेरे घेते. इंजिन, पट्टा, आसन आदी सर्व धरून ती सगळी गाडीच आपल्या पंपाच्या इंजिनापेक्षा हलकी असते.

आता हिशेब मांडावा. दर लिटर पोकळीमागे विहिरीवरचे इंजिन जेमतेम चार अश्वशक्ती देते, तर पर्वतावरचे सुमारे १९४. म्हणजे जवळजवळ ४६ पट. विहिरीवरच्या इंजिनात सेकंदाला पाच-सहा स्फोट होतात. पर्वतावरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १३० हून अधिक होतात. तेवढीच उष्णता, तेवढेच हादरे आणि तेवढेच घर्षण त्या लहानशा पिस्टनला सोसावे लागते. संथ इंजिनाच्या जाड धातूत चूक पोटात घालण्याची ताकद असते. मिस्त्रीच्या हातून थोडे कमीअधिक झाले तरी ते निभावून नेते. चपळ इंजिनाला एवढी क्षमा परवडत नाही. वजनातून आणि जाडीतून जे जे वाचविले, ते ते भरवशाच्या खात्यातून खर्ची पडलेले असते, आणि ती तूट कारखान्यातील काटेकोरपणाने भरून काढावी लागते.

डोंगरावरचा बर्फ ही परीक्षा आणखी कठीण करतो. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते. आणि इंजिनाला इंधनाइतकीच हवाही लागते. काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे साध्या इंजिनाची जवळजवळ पाव शक्ती केवळ हवेच्या विरळपणामुळे नाहीशी होते. ही तूट भरून काढण्यासाठी अलीकडच्या काही पर्वतीय गाड्यांना हवा दाबून भरणारा टर्बो बसविण्यात आला आहे. शक्ती परत मिळाली. परंतु उष्णता आणि नाजूक भागांची संख्याही तिच्याबरोबर आली. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात चार-स्ट्रोकप्रमाणे तेलाचा साठा तळाशी खेळत नसतो. वंगणाचे तेल इंधनाबरोबरच जळून जाते. म्हणून ते क्षणभर कमी पडले तरी पिस्टन सिलिंडरला चिकटतो. गाडीचा पट्टा जो बर्फ उडवितो त्यानेच ह्या इंजिनाचे पाणी थंड होते. वाट कठीण बर्फाची लागली आणि भुगा उडेनासा झाला, की सभोवती हिमाचे साम्राज्य असूनही इंजिन तापते ! थंड इंजिन सुरू करून लगेच जोरात पिटाळले, तर पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि ओरखडे पडतात. अशा गाड्यांच्या मालकांत इंजिनाच्या टिकाऊपणाविषयी नेहमी कुरकुर असते, तिचे मूळ बरेचसे येथे आहे. शक्तीची चढाओढ जिंकावयाची आणि भरवसाही जुनाच राहावा, ही अपेक्षा सहजासहजी पुरी होणारी नव्हे.

वास्तविक या गाडीचा जन्म भरवशाच्या गरजेतूनच झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट गावचा जोझेफ-आर्मां बॉम्बार्दिए हा यंत्रांचा नादी तरुण बर्फावरून चालणारी गाडी करण्याच्या खटपटीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. वाटा बर्फाने बुजल्या होत्या, बापाची गाडी अजून तयार नव्हती, आणि इस्पितळ गाठता न आल्याने ते मूल दगावले. पुढे १९३७ साली त्याने बर्फावरच्या पट्ट्याच्या चालनपद्धतीचे पेटंट मिळविले. त्याच्या आरंभीच्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले यांची ने-आण होऊ लागली. एकदोघांनी बसावयाची हलकी गाडी १९५९ साली आली आणि मग तिच्यातून करमणुकीचे, शर्यतीचे युग सुरू झाले. डॉक्टरला नेणारी गाडी किती वेगाने जाते यापेक्षा ती वाटेत बंद पडत नाही, याला महत्त्व होते. तापीकाठच्या विहिरीवरील इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाही.

मग हा भरवसा येतो कोठून ? प्रथम तो कारखान्यात तयार होतो. रुडोल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगीची योजना नव्हती. हवा इतकी दाबावयाची की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जावे आणि त्या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडताच तो पेटावा. हा फवारा उडविणाऱ्या पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारकाव्याचे काम मोजमापाच्या शिस्तीवाचून होत नाही. शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, तेव्हा ही शिस्त मराठी कामगाराच्या अंगवळणी पडू लागली. पुढच्याच वर्षी भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने प्रमाणचिन्हाची व्यवस्था आली. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. शेतीसाठी वापरावयाच्या लहान डिझेल इंजिनांचेही स्वतंत्र मानक आहे. त्याचा अर्थ इतकाच, की पाटीवर कोरलेली अश्वशक्ती ही विक्रेत्याची बढाई न राहता तपासून घेता येणारे विधान व्हावे. ही शिस्त जेथे नसते, तेथे ओतकामातील वाळू इंजिनाच्या पोटात तशीच राहते आणि तेलात मिसळून बेअरिंगे खाते. फ्लायव्हीलचा तोल साधलेला नसतो आणि पायाचे बोल्ट सैल होत जातात. रंगरंगोटीखाली हे दोष दिसत नाहीत. ते दिसतात पहिल्या हंगामात.

यंत्रशास्त्रज्ञ इंजिनाच्या आयुष्याचा एक आलेख काढतात. त्याची रेषा उभ्या कापलेल्या घंगाळासारखी असते : आरंभी बिघाड पुष्कळ, मग दीर्घकाळ थोडे, आणि शेवटी पुन्हा पुष्कळ. बालपणीचे बिघाड बहुधा कारखान्याचे असतात. मधल्या काळातले योगायोगाचे, आणि म्हातारपणचे झिजेचे. हे तीन काळ ओळखता आले, तर दोष कोणाच्या पदरात घालावयाचा हेही कळते. नवे इंजिन शंभर-दोनशे तासांत कुरकुरू लागले, तर ते मुकाट्याने गल्लीतल्या मिस्त्रीपुढे उघडू नये. हमीचा कागद घेऊन विक्रेत्याकडे जावे आणि तक्रार लेखी द्यावी. आपला शेतकरी ह्या ठिकाणी संकोच करतो. "नशीब खोटे" म्हणून तो पदरचे पैसे घालतो, आणि सदोष माल करणाऱ्याला आपला दोष कधी कळतच नाही.

भरवशाचा दुसरा भाग मात्र मालकाच्याच हाती आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ हवेत सतत तरंगत असते. हवेची जाळी महिनोगणती धुतली नाही, की तीच धूळ सिलिंडरात जाऊन लायनर आणि रिंगा घासून काढते. गळक्या डब्यातून, फडक्याच्या गाळणीतून ओतलेले डिझेल त्या चार मायक्रॉनच्या फटीचा घात करते. पंपाच्याच नळातून इंजिनाला थंडाव्याचे पाणी देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात दोन धोके संभवतात. पाणी क्षारयुक्त असले तर आतल्या बाजूस चुन्याचा थर बसून उष्णता कोंडते. उलट गार पाणी मोकाट सोडले, तर इंजिन नको तितके थंड राहते, इंधन नीट जळत नाही आणि लायनर लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल इतपतच तोटी उघडावी. आणि तेल बदलण्याचा दिवस आठवणीवर न सोपविता तासांची नोंद भिंतीवर खडूने का होईना, ठेवावी. स्वस्त म्हणून आणलेला बनावट सुटा भाग तर उत्तम इंजिनालाही हलक्या इंजिनाच्या पंक्तीला बसवितो.

भरवसा नसला की त्याची किंमत दुसऱ्या वाटेने मोजावी लागते. पाच अश्वशक्ती पुरेशी असता शेतकरी आठचे इंजिन घेतो; का, तर "अडीअडचणीला असू द्यावे". ते अर्ध्या भारावर चालते, डिझेल जास्त खाते आणि काजळी धरते. दुसरा एखादा खबरदारी म्हणून दोन-दोन इंजिने बाळगतो. सौर पंपांना शासनाने २०१९ पासून कुसुम योजनेखाली साहाय्य देऊ केले आहे आणि त्यांत स्फोट नाहीत, तेल नाही, ही मोठीच सोय आहे. तथापि काचेवरची धूळ तेथेही पुसावीच लागते.

बऱ्हाणपूरच्या रहिवाशाला ह्या विषयातला सर्वांत जुना धडा गावातच पाहावयास मिळतो. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ साली, तबकुतुल अर्ज ह्या फारसी भूगर्भज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून शहरात आणण्याची योजना आखली. कुंडी भंडाऱ्यात शंभरांहून अधिक कुंड्या एका भुयारी कालव्याने जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उताराने वाहते. येथे इंजिन नाही, पट्टा नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच चार शतके लोटली तरी ते वाहते आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नावही गेले. परंतु त्या कारागिरांची खरी दूरदृष्टी कुंड्यांत आहे. ठरावीक अंतरावर वरपर्यंत उघडी ठेवलेली ही विवरे उजेड आणि हवा आत नेतात, आणि माणसाला आत उतरून गाळ काढण्याची वाट देतात. आपल्या कामाला देखभाल लागेल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केले होते. जेथे देखभाल थांबली आणि भिंतींवर चुन्याचे थर साचत गेले, तेथे ह्या बिनहलत्या यंत्राचाही ओघ आटला.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा असला तरी हरकत नाही. मात्र त्यापुढे आणखी चार प्रश्न विचारले जावेत. यावर प्रमाणचिन्ह आहे का ? हमी किती तासांची किंवा महिन्यांची, आणि ती लेखी मिळेल का ? अस्सल सुटे भाग बऱ्हाणपुरात किंवा रावेरात मिळतात का ? आणि हवेची जाळी, तेलाची गाळणी, फवाऱ्याची नोझल ह्या तीन गोष्टींपर्यंत मालकाचा हात सहज पोहोचतो का ? ह्या चार प्रश्नांची सरळ उत्तरे जो विक्रेता देईल, त्याच्याकडे चार पैसे अधिक पडले तरी तो सौदा महाग म्हणता येणार नाही.