दिलेले ज्ञान आणि घेतलेले ज्ञान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. धन दिले की दात्याजवळचे तेवढे कमी होते; ज्ञान दिल्याने मात्र काहीच उणे होत नाही. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला टीका शतकानुशतके केवळ दर्शनापुरती राहिली होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आदी धुरीणांच्या प्रयत्नांनी तिच्या प्रती उतरवल्या गेल्या आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. बंद पेटीतले ज्ञान वाचकाच्या हाती आले. संगणकाच्या क्षेत्रात हेच कार्य ‘मुक्त स्रोत’, म्हणजेच ओपन सोर्स, या नावाने चालते.

मुले संगणकावर खेळ खेळतात, तेव्हा त्यांच्यासमोर असतो तो शिवून तयार झालेला कपडा. त्यावरून शिवणकला कळत नाही. शिकाऊ शिंपी जुना कपडा उसवतो, तुकडे पसरतो, तेव्हा कुठे त्याला बेतणे समजते. खेळ ज्या आज्ञांनी लिहिला गेला त्या मूळ आज्ञा, म्हणजे सोर्स कोड, मुलाला वाचायला आणि बदलायला मिळाला, तरच ते खेळणारे मूल खेळ रचणारे होऊ शकते.

हा मार्ग नवा नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड आल यांनी बेसिक भाषेतील १०१ खेळांचा कोड पुस्तकरूपाने छापला. त्याची १९७८ ची आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली. त्या काळची मुले पुस्तक समोर ठेवून एकेक ओळ संगणकावर टंकित करीत. एखादा स्वल्पविराम सुटला की खेळ अडे, आणि ती चूक शोधता शोधता मुले प्रोग्रामिंग शिकत.

त्यातील एक लहानसा खेळ पाहावा. संगणक एक अंक मनात धरतो आणि खेळणाऱ्याने तो ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढेच उत्तर मिळते. दर वेळी मधला अंक सांगत गेल्यास १०० पर्यंतचा कोणताही अंक फार तर ७ प्रयत्नांत सापडतो आणि १००० पर्यंतचा १० प्रयत्नांत. मर्यादा दहापट वाढली, प्रयत्न मात्र तीनच वाढले! नुसते खेळणाऱ्याच्या हे लक्षात येईलच असे नाही. पण किती प्रयत्न पुरावेत याचे गणित त्या कोडमध्येच एका ओळीत मांडलेले आहे. ती ओळ उलगडू पाहणारे मूल लॉगॅरिदमपर्यंत जाऊन पोहोचते.

दुसरा खेळ हम्मुराबी. त्यात खेळणारा प्राचीन सुमेरचा राजा होऊन दहा वर्षे राज्य करतो. किती जमीन घ्यावी, प्रजेला किती धान्य द्यावे, बियाण्यासाठी किती राखावे, हे दरवर्षी त्यानेच ठरवायचे. माणशी वर्षाला २० बुशेल धान्य लागते. हिशेब चुकला तर प्रजा उपाशी मरते. यात शस्त्र नाही, शत्रू नाही. आहे ती केवळ पालकत्वाची जबाबदारी. आल यांनी २०२२ मध्ये आपले लेखन सार्वजनिक मालकीचे केले. यालाच ज्ञानदान म्हणावे.

येथे एका प्रश्नाचा विचार आवश्यक आहे. इंटरनेटवर दिसणारा प्रत्येक कोड दिलेला असतो काय? नाही. जैन शास्त्राने चोरीला ‘अदत्तादान’ असे नेमके नाव दिले आहे. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. ज्या कोडसोबत परवाना नाही तो डोळ्यांसमोर असला, तरी दिलेला नाही. म्हणून शिक्षकाने प्रथम परवान्याची फाइल शोधावी. काही परवाने मूळ कर्त्याचे नाव राखण्याचीच अट घालतात. जीपीएलसारखा परवाना याहून पुढे जातो. सुधारलेला प्रोग्राम इतरांना देणाऱ्याने त्याचा कोडही त्याच अटींवर दिला पाहिजे.

शिवाय कोड खुला असला म्हणजे चित्रे आणि संगीत खुले असतेच असे नाही. ‘डूम’ या प्रसिद्ध खेळाचा कोड त्याच्या निर्मात्यांनी १९९७ मध्ये खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आला. त्यातील चित्रे व नकाशे मात्र खुले झाले नाहीत. हा खेळ गोळीबाराचा आहे, हेही विसरता येत नाही. कायद्याने खुले असलेले सर्वच बालकांच्या हाती देण्याजोगे असते असे नव्हे. कोड लहान असावा, एका बैठकीत वाचून व्हावा, शाळेच्या साध्या संगणकावर चालावा आणि खेळातील विजय कोणाच्या मरणावर उभा नसावा, एवढ्या कसोट्या लावल्या तरी निवड बरीच सोपी होते.

लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार झालेले ‘स्क्रॅच’ हे साधन २००७ पासून खुले आहे. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे जोडून खेळ रचता येतो. दुसऱ्याने प्रसिद्ध केलेल्या खेळाचे अंतरंग उघडून पाहता येते, त्यात बदल करून तो स्वतःचा म्हणून मांडता येतो आणि मूळ कर्त्याचा उल्लेख सोबत आपोआप राहतो. कृतज्ञतेचा हा संस्कार दहा वर्षांच्या मुलाला प्रवचनाविना मिळतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी पायथन भाषा आणि तिच्यातील ‘पायगेम’ हा मुक्त संच उपयुक्त आहे.

पाठशाळेत येणारे मूल सूत्रे मुखोद्गत करते, अर्थ समजून घेते आणि पुढे धाकट्यांना शिकवते. संगणकविद्येचाही हाच क्रम असावा. मुलाने आधी दुसऱ्याचा खेळ वाचावा, त्यातील एक ओळ बदलून पाहावी, मग स्वतःचा खेळ रचावा आणि शेवटी तो परवान्यासह सर्वांसाठी खुला करावा. कोडमधील टिपा मराठीत लिहिल्या, तर मागून येणाऱ्या मुलांची वाट अधिक सुकर होईल.

पूर्वजांनी ग्रंथ लिहवून घेऊन भांडारांना अर्पण केले. म्हणून आजची पिढी ते वाचू शकते. आजच्या बालकांनी रचलेला एखादा निर्मळ खेळही उद्याच्या बालकांसाठी तसाच खुला राहो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सदिच्छा. जय जिनेंद्र!