मे महिन्यातले मृत्यू कोण मोजतो?

३२ वर्षं लष्करात काढली, त्यातली बरीच राजस्थानच्या वाळवंटात. आता अहमदाबादेत राहतो. मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. पण आमच्याकडे एखाद्या जवानाला उष्माघात झाला, तर पहिला जाब त्याच्या कमांडरला द्यावा लागतो. कवायत किती वाजता घेतली? पाणी किती दिलं? पारा किती होता? शहरात हा जाब कुणाला विचारायचा?

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. मृत्यूच्या दाखल्यावर उष्माघात क्वचितच लिहिला जातो. हृदयविकार, किडनी, वार्धक्य असंच काहीतरी असतं. पुढे गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थच्या संशोधकांनी इतरांना बरोबर घेऊन महापालिकेच्या मृत्युनोंदी तपासल्या. कारण बाजूला ठेवून नुसते मृत्यू मोजले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८. मे २०१० मध्ये ४,४६२. म्हणजे १,३४४ माणसं जास्त गेली!

याला काही अवाढव्य यंत्र लागलं नाही. रजिस्टर होतंच, वाचणारा हवा होता. त्या उन्हाळ्यानंतरच्या कामातून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला.

इथल्याच एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. डॉक्टरांनी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या नोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या. पारा ४२ च्या वर चढला, की उन्हाच्या त्रासाने दाखल होणारी बाळं अंशागणिक वाढत होती. कक्ष खालच्या मजल्यावर नेला, तशी ती कमी झाली.

आपल्याकडे संशोधन म्हटलं की आधी इमारत, मग उद्घाटनाची फीत. (फीत कापायला माणसं कधी कमी पडत नाहीत.) कमी आहेत ती नोंदी तारखेनुसार, वॉर्डनुसार लावणारी माणसं, त्यातून अर्थ काढणारा आरोग्य अधिकारी. आणि पत्र्याच्या खोलीत रात्री दोन वाजता पारा किती, हे पाहणारं कुणीतरी. विमानतळावरचा आकडा तिथे उपयोगाचा नाही. प्रकल्पाचा निधी संपतो, शिकून तयार झालेली मुलं दुसरीकडे जातात आणि पुढच्या प्रकल्पात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कुठलीही पलटण अशी उभी राहत नाही. ही पदं पालिकेच्या कायम आस्थापनेवरच हवीत.

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा, पालिकेकडे एक अर्ज करा. गेल्या ५ वर्षांतल्या एप्रिल, मे, जूनमधले मृत्यू, तारखेनुसार आणि वॉर्डनुसार. नावं नकोत, फक्त आकडे. मिळाले तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात नेऊन द्या. नाही मिळाले, तर माहितीचा अधिकार आहेच.

जय हिंद.