बंदूक फाटकाबाहेर

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक होती. शेजारच्या खालांना घेऊन मी मतदानाला गेलो. वय सत्तरीच्या पुढचं, पण मतदान त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात, मतदानाच्या खोलीच्या दारालगतच, रायफल घेतलेले दोन पोलीस उभे होते. खाला फाटकातच थबकल्या. "काही झालंय का रे?" त्यांनी हळूच विचारलं. काहीच झालं नव्हतं. आमचा मोहल्ला 'संवेदनशील' केंद्रांच्या यादीत होता, एवढंच. बाजारपेठेतल्या केंद्रावर लाठी घेतलेला एकच होमगार्ड खुर्ची टाकून बसला होता. खाला म्हणाल्या, "चल, उन्हं उतरल्यावर येऊ." आम्ही परतलो. संध्याकाळी त्या आल्याच नाहीत.

बंदोबस्तच नको, असं मी म्हणणार नाही. केंद्रं बळकावली जात, गरिबाचं मत दुसराच टाकून जाई, म्हणून तर १९८९ साली कायद्यात मतदान केंद्र बळकावण्याच्या गुन्ह्याचं कलम आलं. शेषन यांच्या काळात बिहारमध्ये निमलष्करी दलं उतरली, ती याचसाठी. प्रश्न बंदूक कुठे उभी राहते, हा आहे.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी १९९६ पासून कायदा स्पष्ट आहे. मतदान केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन फिरलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद. बंदोबस्तावरच्या पोलिसांना यातून सूट आहे, आणि असायलाही हवी. पण त्यांनाही केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय खोलीत शिरायचं नसतं. व्हरांड्याचं मात्र कुणी बोलत नाही!

भीती ही काही आपल्याच मोहल्ल्याची मक्तेदारी नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९८१ साली गव्हर्नरची निवडणूक होती. रिपब्लिकन पक्षाने सुटीवरचे पोलीस दंडाला पट्टी बांधून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या केंद्रांवर उभे केले. काहींजवळ पिस्तुलं होती. त्या पक्षाचा उमेदवार अवघ्या १,७९७ मतांनी जिंकला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८२ साली पक्षाला असले उद्योग न करण्याचं लिहून द्यावं लागलं. ते बंधन २०१७ पर्यंत टिकलं.

आपल्याकडे एवढ्या दूर जायला नको. शाळा बहुधा नगरपालिकेचीच असते. फाटकाबाहेर, रांगेच्या नजरेआड एक मंडप घालावा. सशस्त्र तुकडी तिथे बसू द्यावी. पहाटेपासून उभ्या असलेल्या त्या पोरांनाही सावली आणि पाणी मिळेल. रांग लावायला बिनहत्यारी होमगार्ड पुरे, आणि बायकांच्या रांगेपाशी महिला होमगार्ड. काही घडलंच, तर मंडपातून दारापर्यंत यायला अर्धं मिनिट लागेल. आणि 'संवेदनशील' केंद्रांची यादी करताना मागच्या निवडणुकीत तिथे खरोखर काय घडलं ते तपासावं, वस्ती कोणाची आहे ते नव्हे. मुख्याधिकारी आणि ठाणेदार या दोघांनी मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेत एक फेरी मारली, तर जागा तिथल्या तिथे ठरेल.